गेममधला रंग नक्की काय काम करतो? (आणि माझं दार कुणालाच का दिसत नाही?)

भिंगरी (धागाकर्ती)

मंडळी, गेलं वर्षभर नोकरी सांभाळून, रात्री जागून एक छोटा गेम बनवतेय. टूडी आहे, गोडो नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गुहेतून उड्या मारत वाट काढायची, नाणी गोळा करायची, तरफा ओढायच्या, असा साधाच प्रकार. कोड मला जमतो. रंगांच्या बाबतीत मात्र ठणठण गोपाळ.

तिसऱ्या लेव्हलला एक मोठं सोनेरी दार आहे. मी त्यावर तीन रात्री घालवल्यात. कडेला नक्षी, वर दोन मशाली, सगळं साग्रसंगीत. आठ जणांना खेळायला दिलं, तर पाच जण त्याच्यासमोरून येरझारा घालत होते आणि "पुढे जायचं कुठून?" म्हणून मलाच विचारत होते. एक जण तर दारासमोर उभं राहून विचारत होता!

इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे तेच : लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद. माझं दार आनंदी आहे हो, पण दिसत नाही. रंगाचा खेळणाऱ्यावर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर नक्की कसा? ज्यांनी गेम बनवलेत किंवा डोळे फुटेस्तोवर खेळलेत, त्यांनी सांगा.

बटणबाबू

वाचतोय. खुर्ची ओढून बसलो आहे.

साळुंकी

परिणाम होतो म्हणजे काय, होतोच! लाल रंग दिसला की माणूस सावध होतो, आक्रमक होतो. २००४ च्या ऑलिंपिकमधल्या बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन्ही प्रकारांचे निकाल हिल आणि बार्टन यांनी तपासले होते. तिथे कुणी लाल घालायचं आणि कुणी निळं, हे आपोआप ठरतं. तरी लाल घातलेले सुमारे ५५ टक्के लढती जिंकले. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलंय. उगाच हवेत बोलत नाहीये.

खवचट खार

साळुंकीताई, निळा म्हणजे शांत ना? १९९१ पासून सॉनिक नावाचा एक निळा काटेरी प्राणी गेममध्ये जिवाच्या आकांताने धावतोय, त्याला कुणीतरी सांगा.

(ह. घ्या.)

साळुंकी

@खवचट खार, हलकेच घेतलं. पण सॉनिक निळा आहे म्हणून ५५ टक्के खोटे ठरत नाहीत.

मुक्ताफळ

५५ टक्के खोटे नाहीत, पण त्यांचा अर्थ तुम्ही लावताय तसाच असेल असं नाही. २००८ मध्ये हागेमान आणि सहकाऱ्यांनी तायक्वांदोच्या लढतींच्या चित्रफिती घेतल्या आणि कॉम्प्युटरवर दोघांच्या पोशाखांचे रंग अदलाबदल करून पंचांना दाखवल्या. लढत तीच, फटके तेच. तरी ज्याला लाल दिसत होता त्याला पंचांनी जास्त गुण दिले. म्हणजे निदान काही भाग तरी खेळाडूच्या रक्तात नसून पंचाच्या डोळ्यात आहे. आणि गेममध्ये पंच कॉम्प्युटर असतो. त्याला लाल काय नि निळा काय, तीन आकडे.

मला वाटतं 'अमुक रंग म्हणजे तमुक भावना' हा तक्ता भिंगरीच्या काही कामाचा नाही. गेममध्ये रंगाला अर्थ गेमच देतो. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये बघा. चार भुतं : लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी. चौघांचं वागणं वेगळं. लाल थेट मागे लागतो, गुलाबी तुमच्या पुढची जागा गाठायला बघतो, नारिंगी जवळ आला की माघार घेतो. मोठी गोळी खाल्ली की चौघंही गडद निळे. त्या क्षणी निळा म्हणजे "आता तू शिकारी". आणि मुदत संपत आली की ती भुतं पांढरी-निळी लुकलुकायला लागतात. घड्याळ नाही, आकडा नाही, एक अक्षर नाही, तरी पोटात गोळा येतो. निळा तिथे शांत नाही, निळा तिथे उधारीचा वेळ आहे.

टेट्रिसतात्या

मुक्ताफळ, छान लिहिलंत. पण एक म्हाताऱ्याचं मत ऐका. रंगाशिवायही काही अडत नव्हतं. टेट्रिस १९८४ मध्ये इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या मशीनवर जन्मला, तिथे ठोकळे म्हणजे नुसते चौकटी कंस. पुढे १९८९ मध्ये गेम बॉय आला, त्याला एकूण चार छटा, त्याही शेवाळलेल्या पाण्यासारख्या. त्यावर आम्ही टेट्रिस खेळून खेळून अंगठे झिजवले. आताच्या टेट्रिसमध्ये लांब दांडी आकाशी, चौकोन पिवळा, टी जांभळा असं ठरलेलं असतं. सोय झाली हे खरं, पण दांडी ही आकारानेच दांडी होती की हो.

बटणबाबू

तात्या, गेम बॉयला मागून उजेडही नव्हता. खिडकीपाशी कोन साधून बसावं लागायचं. त्यापेक्षा रंग बरा.

टेट्रिसतात्या

ती मान वाकडी झालीये ना, तिचं कारण तेच.

तिरपागडा

तात्यांचं बोलणं गमतीत नेऊ नका, माझ्यासाठी तो जिव्हाळ्याचा विषय आहे. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जन्मापासून. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून पुरुषांत जास्त सापडतं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एक आणि २०० बायकांमागे एक, असं प्रमाण सांगतात. म्हणजे या धाग्यावरही मी एकटा नसणार.

एक टीमचा गेम खेळायचो, नाव घेत नाही. आपल्या माणसाच्या डोक्यावर हिरवं नाव, शत्रूच्या डोक्यावर लाल. दोन्ही नावं त्याच अक्षरात, त्याच जागी, सारखीच उजळ. मला दोन्ही शेणकट पिवळी. पहिल्या आठवड्यात मी आपल्याच लोकांना एवढं मारलं की मला फितूर समजून बाहेर काढलं. खरं सांगितलं तर म्हणे, "सेटिंगमध्ये कलरब्लाइंड मोड आहे की." तो चालू केला. सगळ्या पडद्यावर एक जांभळट पडदा चढला, आकाश आजारी दिसायला लागलं, आणि नावं? पहिल्यासारखीच.

एवढंच लक्षात घ्या : मला जग दुरुस्त करून नकोय. माझं आकाश मला ठीक दिसतं. तुमच्या दोन खुणांमध्ये रंगाखेरीज आणखी एक फरक ठेवा, बस. आकार ठेवा, पट्टे ठेवा, एक नाव तिरकं लिहा. कँडी क्रश मी आरामात खेळतो, कारण त्यातल्या प्रत्येक गोळीचा घाट वेगळा आहे. 'पोर्टल' गेममधलं एक दार निळं, एक नारिंगी. ती जोडी माझ्यासारख्या बहुतेकांना कळते.

भिंगरी

@तिरपागडा, हे वाचून लगेच माझा गेम तपासला. विषारी शेवाळ हिरवं, साधं शेवाळ लालसर तपकिरी. आकार एकच. कॉपी-पेस्ट केलेला. माफी असावी. विषारीला काटे काढते आजच.

तिरपागडा

धन्स. माफी कसली, काटे मोठे काढा म्हणजे झालं.

चौथी मिती

दाराबद्दल. स्क्रीनशॉट काळा-पांढरा करून बघितलात का? नसेल तर आधी ते करा, बाकी सगळं नंतर. डोळा आधी उजेड-अंधार वाचतो, रंगछटा मागाहून.

भिंगरी

@चौथी मिती, केला आत्ताच. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) शून्यावर नेलं. दार दिसतंय की! भिंतीपेक्षा गडद. म्हणजे तो प्रश्न नसावा.

चौथी मिती

थांबा. सॅच्युरेशन शून्य करणं हा धोका आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान घेऊन त्यांचा मध्य काढते. त्या हिशोबाने भडक पिवळा आणि भडक निळा दोन्ही अगदी एकसारखे करडे होतात. प्रत्यक्षात पिवळा डोळ्यात घुसतो आणि निळा अंधारात बुडतो. आपल्या डोळ्याला उजेड जाणवतो त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७१ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे ल्युमिनन्स, म्हणजे हा डोळ्याला जाणवणारा उजेड, धरून काळं-पांढरं करा. नाहीतर दाराचे आणि भिंतीचे आकडे इथे टाका, मी काढून देतो.

भिंगरी

दार २०१, १६२, ३९. भिंत १९०, १५०, १००.

चौथी मिती

कॉन्ट्रास्ट १.१ च्या आसपास आला. वेबसाइटच्या सुलभतेच्या नियमांत, ज्या खुणा कळल्याच पाहिजेत त्यांच्यासाठी निदान ३ मागतात. १ म्हणजे दोन्ही गोष्टींचा उजेड तंतोतंत सारखा. तुमचं दार म्हणजे भिंतीला दिलेला सोनेरी हात आहे, दार नव्हे. त्यात वर दोन मशाली लावल्यात, म्हणजे आजूबाजूची भिंत आणखी उजळली.

दार भडक करू नका. भिंत दाबा. दारामागची भिंत निम्म्याने गडद करून बघा. आणि मशाली दाराच्या वर नकोत, आत हव्यात.

खवचट खार

तीन रात्री नक्षी काढली आणि औषध निघालं 'भिंत काळी करा'. कलाक्षेत्र क्रूर आहे.

रंगारी

थोडा उशिरा आलो. मी गेमच्या कलाविभागात काम करतो, म्हणून चौथी मिती यांना दुजोरा. आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिले काही दिवस करड्यातच काम करायला लावतात. रंग शेवटी.

टीम फोर्ट्रेस २ (२००७) चा दाखला देतो. एक टीम लाल-तपकिरी, एक निळी-करडी, इतकं सगळ्यांना दिसतं. पण त्यांच्या कलाकारांनी आधी सावलीवर काम केलं होतं. नऊच्या नऊ पात्रं नुसत्या काळ्या आकृतीवरून ओळखू आली पाहिजेत. अंगावरही उजेड खालून वर वाढत जातो, म्हणजे नजर छातीकडे, हातातल्या शस्त्राकडे जाते. टीमचा रंग हा त्या बांधणीवरचा शेवटचा थर. आणि पार्श्वभूमी मुद्दाम कमी रंगीत ठेवलेली. रंग हा बजेटसारखा असतो, सगळीकडे उधळला की हवा तिथे शिल्लक राहत नाही.

याचं टोक म्हणजे २००८ चा मिरर्स एज. अख्खं शहर पांढरंशुभ्र, आणि जिथून उडी मारायची ती फळी, तो पाइप तेवढा लाल होत जातो. पळतापळता विचार करायला वेळ नसतो, लाल दिसलं की पाय आपोआप तिकडे. बघा, तिथे लाल म्हणजे धोका नाही, लाल म्हणजे वाट!

उगाचच

हा विषय निघालाच आहे तर माझा राग काढून घेतो. पिवळा रंग! कड्यावर पिवळा, शिडीवर पिवळा, फोडायच्या पिंपावर पिवळा. २०२३ चा रेझिडेंट इव्हिल ४ असो की २०२४ चा फायनल फँटसी ७ रीबर्थ. मनुष्यवस्ती नसलेल्या कड्यावर बादली घेऊन कोण चढलं होतं? मला मूर्ख समजतात का?

रंगारी

@उगाचच, समजत नाहीत. खेळणाऱ्यांना चाचणीच्या वेळी आठव्यांदा त्याच भिंतीवर आपटताना काचेपलीकडून बघितलेलं असतं. खरं कारण वेगळं आहे. आताच्या गेममध्ये दगड इतके खऱ्यासारखे झालेत की चढता येणारा दगड आणि नुसता शोभेचा दगड यांत फरकच उरला नाही. जुन्या गेममध्ये सजावट कमी होती, म्हणून जे दिसतंय ते कामाचंच असायचं. तपशील वाढवला त्याचं भाडं पिवळ्या रंगाने भरतोय आम्ही.

उगाचच

भाडं भरा, पण दगडावरचं पिवळं शेवाळ दाखवा, पक्ष्यांची विष्ठा दाखवा, उन्हाची तिरीप दाखवा. बादली नको.

रंगारी

ते मान्य. करताही येतं. त्याला वेळ लागतो, आणि पिवळा फासणं शेवटच्या आठवड्यातही जमतं. जास्त बोलत नाही, नोकरी टिकवायची आहे.

तिरपागडा

माझं मत उगाचच यांच्या विरुद्ध. मला पिवळा उत्तम दिसतो. बादलीवाल्याला माझा नमस्कार सांगा. मात्र ज्यांना नको असेल त्यांना बंद करता आला पाहिजे. मिरर्स एजमधला तो लाल बंद करता यायचाच की. उलट बाजूने, २०२० च्या द लास्ट ऑफ अस भाग २ मध्ये हाय कॉन्ट्रास्ट मोड आहे : सगळं जग करडं, आपली माणसं निळी, शत्रू लाल, उचलायच्या वस्तू पिवळ्या. चालू केला तर गेमचं सौंदर्य गेलं म्हणतील, पण ज्याला नाहीतर काहीच दिसलं नसतं त्याच्यासाठी तोच गेम.

साळुंकी

म्हणजे सगळे मिळून म्हणताय की रंग नुसता रस्त्यावरचा फलक आहे? भावना वगैरे काही नाहीच? २०१८ चा ग्रिस खेळलाय का कुणी? सुरुवातीला जग करडं. मग एकेक रंग परत येतो, आधी लाल. वाळूचं वादळ अंगावर येतं तेव्हा तो लाल नुसता बाण नसतो. मी रडले होते. करा थट्टा.

मुक्ताफळ

@साळुंकी, थट्टा नाही, इथे मी तुमच्या बाजूची. पण बघा ना, तो लाल तुम्हाला का लागला? कारण त्याआधी कितीतरी वेळ लाल नव्हताच. २०१० च्या लिंबोमध्ये तर शेवटपर्यंत रंग येतच नाही, काळं-पांढरं धुकं फक्त, आणि काळा कोळी काळ्या जमिनीवरून पाय काढतो तेव्हा दचकायला होतं. भावना रंगात भरलेली नसते, आधी तो हिरावून घेतल्यामुळे येते, असं मला वाटतं. तक्त्याला माझा विरोध आहे, रडण्याला नाही.

साळुंकी

भावना पोचल्या. तक्ता मागे घेते. लालचे ५५ टक्के मात्र घेत नाही.

बटणबाबू

जाता जाता, भावनेचा विषय आहे तर : जखमी झालं की अख्खा पडदा लाल करणारे गेम. मी मरायला टेकलोय, शत्रू कुठे आहे हे बघायची सगळ्यात जास्त गरज आत्ता आहे, आणि नेमकं आत्ताच डोळ्यांवर रक्त! घाबरवण्यासाठी ठीक आहे, पण मग माझा नेम चुकला की माझ्या नावाने शंख करू नका.

टेट्रिसतात्या

१९९३ च्या डूममध्ये क्षणभर लाल व्हायचा आणि जायचा. लागलं हे कळायचं, दिसायचंही. पुढे क्षणभराचं मुक्कामाला आलं.

अवांतर : सुपर मारिओ ब्रदर्समधले ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, हे माहीत आहे ना? पांढरं केलं की ढग, हिरवं केलं की झुडूप. मेमरी वाचवायला. १९८५ पासून लोक बघतायत आणि कुणाला शंका आली नाही.

खवचट खार

तात्या, हे तुम्ही दर धाग्यावर सांगता. पाककृतींच्या धाग्यावरही सांगितलं होतं.

टेट्रिसतात्या

खरं आहे म्हणून सांगतो.

भिंगरी

मंडळी, ताजी खबर. चौथी मिती यांनी सांगितलं तसं केलं. भिंत गडद केली, मशाली आत नेल्या. कॉन्ट्रास्ट ३.६. दार आता लांबून झळकतं. त्याच आठ जणांना न देता नवीन आठ जणांना दिलं.

सगळ्यांना दार दिसलं. सगळे धावत गेले. आणि आठातले सहा जण दारावर उडी मारून, अंगाने घासून, परत फिरले! दार बटण दाबून उघडायचं आहे. कुणी बटण दाबलंच नाही. मी मागे उभी राहून दात-ओठ खात होते. एकाला शेवटी विचारलं तर म्हणाला, "हे घेता येत नाहीये वाटतं."

घेता?? दार???

मुक्ताफळ

नाणी कुठल्या रंगाची आहेत?

भिंगरी

सोने

अरे देवा.

खवचट खार

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. अर्धवट शब्दासकट.

मुक्ताफळ

दोन लेव्हल तुम्हीच शिकवलंत की सोनेरी दिसलं की अंगाने शिवायचं, ते आपलं होतं. पोरं शिकली. आता तिसऱ्या लेव्हलला तुम्ही म्हणताय सोनेरी म्हणजे थांबून बटण दाबायचं. चूक त्यांची नाही. पहिल्या लेव्हलमध्ये बटण दाबून चालणारं काय आहे?

भिंगरी

तरफ. निळी.

रंगारी

मग दार निळं. निदान कडी तरी. आणि उघडलं की रंग बदलू द्या, म्हणजे हे झालेलं आहे हे लांबून कळेल. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मध्ये मनोरे आणि देवळं नारिंगी उजळलेली असतात आणि चालू केली की निळी होतात. डोंगरावर उभं राहून नुसती नजर फिरवली की कुठलं काम बाकी आहे ते दिसतं, नकाशा उघडायलाच नको.

तिरपागडा

आणि कडीचा आकार तरफेच्या मुठीसारखाच ठेवा. (मी हे सांगणारच होतो, हे तुम्हाला माहीत होतं.)

भिंगरी

निळी कडी, तरफेची मूठ तशीच्या तशी उचलून लावली. सोनेरी नक्षी पुसायला जीव होईना, म्हणून तिला काळपट पितळी केलं. विषारी शेवाळाला काटेही आले. रविवारी परत आठ जण.

भिंगरी

रविवारचा निकाल. सात जण न अडखळता दारातून पलीकडे. काट्यांवर कुणी मेलं नाही.

आठवी मुलगी दारापर्यंत पोहोचलीच नाही. डाव्या कोपऱ्यात धबधबा आहे, निव्वळ शोभेचा. ती त्यासमोर वीस मिनिटं उभी राहून बटण दाबत होती. म्हणाली, "इतका निळा आहे, काहीतरी असणारच."

चौथी मिती

धबधबा करडा करा. दहा मिनिटांचं काम आहे.

खवचट खार

वीस मिनिटं दाबलंय तिने. करडा कसला करता, त्याच्यामागे काहीतरी ठेवा.

भिंगरी

ठेवलं. सोनेरी आहे. शिवलं की मिळतं.